वाचक विचारतात : व्होयतेक कोण होता, आणि त्याची दोन डोकी कशी?

मागच्या अंकात पोलंडमधल्या ग्न्येझ्नो कॅथेड्रलच्या ब्राँझच्या दरवाजांवर मी दोन पानं लिहिली होती, त्यात ज्या बिशपचं आयुष्य त्या दरवाजांवर कोरलंय त्याच्याबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. आलेली सगळी पत्रं आणि मेल त्या चार ओळींबद्दलच. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय.

ताई, आमचे आजोबा वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात दूध घालायचे. तिथला एक पोरगा त्यांचा दोस्त होता, व्होयतेक नावाचा, शेवटपर्यंत त्याची आठवण काढायचे. तुमच्या लेखातला संत व्होयचेख. हे नाव एकच का? – एक वाचक, कोल्हापूर

एकच. आपण दत्तात्रयला दत्तू म्हणतो तसं पोलिश लोक व्होयचेखला घरात व्होयतेक म्हणतात. पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण वळिवड्याची गोष्ट कोल्हापूरबाहेर अजूनही फार कमी लोकांना माहीत आहे. सोव्हिएत रशियानं सायबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, असे जवळपास ५,००० जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ राहिले. त्यांच्यात व्होयतेक असणारच, कारण पोलंडमध्ये हे नाव हजार वर्षं चालत आलंय आणि ते चालत आलं ते या एका माणसामुळे.

गंमत म्हणजे तो पोलिश नव्हताच, चेक होता. साधारण ९५६ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, लिबित्से गावी स्लाव्हनिक नावाच्या मोठ्या सरदार घराण्यात जन्मला. चेक लोक त्याला व्होयत्येख म्हणतात. लढवय्या आणि आनंद असे दोन शब्द त्या नावात आहेत. आणि बाकीचं जग त्याला अ‍ॅडलबर्ट म्हणतं, कारण तो शिकायला जर्मनीत माग्देबुर्गला गेला, तिथल्या आर्चबिशपचं नाव अ‍ॅडलबर्ट होतं आणि दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या श्रद्धा पक्की करायच्या विधीच्या, वेळी पोरानं गुरूचंच नाव घेतलं. मी खाली व्होयत्येखच लिहितेय, आईनं हाक मारली ते नाव.

माहिती वाचली तर हा माणूस प्राग सोडून दोनदा पळून गेलेला दिसतो. आपली माणसं टाकून जाणाऱ्याला संत का म्हणायचं? – एक वाचक, पुणे

प्रश्न रोखठोक आहे आणि मला आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

९८२ साली प्रागचा पहिला बिशप वारला आणि व्होयत्येखला निवडलं गेलं, वय साधारण सव्वीस. पुढच्या वर्षी इटलीत व्हेरोनाला, जर्मनीतल्या माइन्झच्या आर्चबिशपनं त्याला दीक्षा दिली. प्रागमध्ये तो अनवाणी शिरला, असं त्याच्या चरित्रात आहे. पहिलं काम केलं ते पैशाचं. बिशपच्या उत्पन्नाचे चार भाग केले, एक चर्चच्या खर्चाला, एक तिथल्या धर्मगुरूंना, एक गोरगरिबांना आणि उरलेल्या चौथ्यात स्वतःचं भागवायचं. बिशपचा पलंग होता, झोपायचा जमिनीवर. इथपर्यंत संतांच्या गोष्टीत असतं तसंच आहे सगळं, पण पुढे जे आहे त्यासाठी मी हे सदर लिहायला घेतलं.

त्या काळचं प्राग म्हणजे माणसं विकायचा बाजार होता. ९६५ च्या आसपास इब्राहिम इब्न याकूब नावाचा स्पेनकडचा प्रवासी मध्य युरोपात आला होता. प्राग दगडचुन्यानं बांधलेलं आहे आणि व्यापारी तिथून गुलाम, कथील आणि फर घेऊन जातात असं त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे माणूस, धातू आणि कातडं एका यादीत! आणि यात राजापासून सरदारांपर्यंत सगळ्यांचा फायदा होता, व्होयत्येखचं स्वतःचं घराणं काही वेगळ्या दुनियेत राहत नव्हतं. बिशपकडे जेवढे पैसे असायचे तेवढी माणसं तो सोडवायचा. पैसे संपायचे, माणसं संपायची नाहीत. त्याच्या चरित्रात एक स्वप्न आहे. रात्री येशू समोर उभा राहतो आणि म्हणतो की मी एकदा तीस नाण्यांना विकला गेलो होतो, आता पुन्हा विकला जातोय, आणि तू झोपलायस?

हे वाचल्यावर मला तरी तो पळाला असं म्हणवत नाही. ज्या राजाकडे दाद मागायची त्याच राजाच्या तिजोरीत बाजाराचा पैसा येतोय, धर्मगुरू ऐकत नाहीत, लोक एकेक जण तीन-तीन बायका करतायत, आणि आपण रविवारी छान कपडे घालून आशीर्वाद द्यायचा, हे त्याला जमेना. ९८८-८९ च्या सुमारास तो रोमला पोपकडे गेला आणि बिशपपद सोडलं, जेरुसलेमला निघाला होता पण वाटेत दक्षिण इटलीत निलुस नावाचे एक वृद्ध ग्रीक साधू भेटले, त्यांच्या सांगण्यावरून रोमला परतला आणि अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरच्या मठात साधा भाऊ म्हणून राहिला. सोबत त्याचा सावत्र भाऊ रादिम. ही जोडी लक्षात ठेवा, रादिम शेवटपर्यंत बरोबर आहे.

९९२ मध्ये प्रागवाल्यांनी परत बोलावलं, तो गेला. ९९३ मध्ये प्रागजवळ ब्रेव्हनोव्हला बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ काढला, तो आजही आहे. पण मग ती बाईची घटना झाली. एका बड्या घरातल्या बाईवर व्यभिचाराचा आरोप आला, नवऱ्याकडची माणसं मारायला मागे लागली, ती बिशपच्या दारी आली आणि बिशपनं तिला सेंट जॉर्जच्या जोगिणींच्या मठात लपवलं. चर्चमध्ये आसरा घेतलेल्याला हात लावायचा नाही हा तेव्हाचा कायदा. जमावानं तिला तिथून ओढून बाहेर काढलं आणि मारलं.

त्यानंतर तो दुसऱ्यांदा गेला. तो बाहेर असताना, २८ सप्टेंबर ९९५ ला, बोहेमियाच्या राजाच्या माणसांनी लिबित्सेवर हल्ला करून त्याचे चार सख्खे भाऊ कुटुंबासकट कापले. दिवस कुठला, तर चेक लोकांचा संत व्हात्सलाव याच्या सणाचा. चर्चनं मात्र तगादा लावला की बिशपनं आपल्या जागी परत जावं. त्यानं निरोप पाठवून प्रागला विचारलं की मी येऊ का. आणि प्राग म्हणालं, नको.

आता सांगा, कोणी कोणाला टाकलं?

त्याचं प्रेत सोन्याच्या भारोभार विकत घेतलं ही निव्वळ दंतकथा ना? आणि एका संताची दोन डोकी दोन शहरांत कशी? – एक वाचक, नाशिक

विकत घेतलं हे खरं, आणि ते दरवाजावर कोरलेलंही आहे. आधी थोडं मागचं सांगते.

प्रागनं नको म्हटल्यावर तो पोलंडच्या बोलेस्लावकडे गेला. घोटाळा होऊ नये म्हणून सांगते, बोहेमियाचा राजाही बोलेस्लाव आणि हाही बोलेस्लाव, दोघं मामा-भाचे. मामाच्या राज्यात घराणं संपलं आणि भाच्यानं आसरा दिला. या भाच्यानं त्याला होडी आणि तीस शिपाई देऊन विस्तुला नदीनं खाली ग्दान्स्कला पाठवलं, तिथं त्यानं पुष्कळ लोकांना बाप्तिस्मा दिला, आणि पुढे समुद्रानं प्रशियन लोकांच्या मुलखात गेला. हे बाल्टिक किनाऱ्यावरचे, तेव्हा ख्रिस्ती नसलेले लोक. २३ एप्रिल ९९७ ला तिथं तो मारला गेला. डोकं कापून खांबावर लावलं. रादिम आणि तिसरा सोबती बेनेडिक्ट यांना सोडून दिलं, म्हणून आपल्याला हे सगळं कळलं.

बोलेस्लावनं सोनं देऊन देह सोडवला आणि ग्न्येझ्नोला आणला. दरवाजाच्या उजव्या फळीवर हे चित्र आहे, तराजू आहे, वजन चाललंय. मी तिथं उभी होते तेव्हा हे चित्र बघून पोटात कालवलं, कारण समोरच्या डाव्या फळीवर हाच माणूस गुलामांसाठी राजापुढे उभा आहे. आयुष्यभर विकलेली माणसं सोडवत फिरला आणि शेवटी त्यालाच पैसे मोजून सोडवावं लागलं. बाराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी हे मुद्दाम केलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी अठरा चित्रांमध्ये दोन्ही गोष्टी घेतल्या.

दंतकथा आहे ती पुढची. पोलंडमध्ये सांगतात की तराजूत सोनं टाकत गेले तरी पारडं हलेना, मग एका गरीब विधवेनं आपलं एवढंसं नाणं टाकलं आणि काटा बरोबर आला. वाचता वाचता तुम्हाला रुक्मिणीचं तुळशीपत्र आठवलं असेल. मला पण तेच आठवलं, आणि मी ते तिथल्या एका आजीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला, सोडेनातच.

आता डोक्यांचं. मृत्यूनंतर दोनच वर्षांत, ९९९ मध्ये, तो संत जाहीर झाला. १००० साली जर्मन सम्राट तिसरा ओट्टो, जो त्याला रोममध्ये गुरूसारखा मानायचा, स्वतः ग्न्येझ्नोला आला आणि शेवटचा टप्पा अनवाणी चालला. त्याच भेटीत पोलंडला स्वतःचं आर्चबिशपपद मिळालं, क्राकोव्ह, व्रोत्स्वाव्ह आणि कोवोब्झेग हे बिशपचे प्रांत त्याच्याखाली आले, आणि पहिला आर्चबिशप कोण तर आपला रादिम! ओट्टोनं जाताना संताच्या हाताचा अवशेष नेला आणि रोममध्ये टायबर नदीतल्या बेटावर त्याच्या नावानं चर्च बांधलं, आज ते सेंट बार्थोलोम्यूचं म्हणून ओळखतात.

मग १०३९ च्या सुमारास चेक राजा ब्रेतिस्लाव पोलंडवर चालून गेला आणि अवशेष उचलून प्रागला घेऊन गेला. ज्यांनी नको म्हटलं होतं त्यांनीच आता मिरवत आणलं. चेक म्हणतात सगळं नेलं. पोलिश म्हणतात की घाईत चुकीचा देह नेला, आमचा इथंच आहे, आणि ११२७ मध्ये ग्न्येझ्नोत डोकं सापडल्याचं जाहीर झालं. प्रागमध्ये १८८० साली जुनी कबर उघडली, तिथं पण कवटी. ग्न्येझ्नोचं डोकं १९२३ मध्ये चोरीला गेलं. १९८६ मध्ये चोर पुन्हा घुसले, १६६२ सालची चांदीची शवपेटी आहे तिच्यावरची संताची मूर्ती तोडून नेली. नंतर ती पुन्हा घडवून बसवली.

तुम्ही विचाराल की खरं डोकं कुठलं, तर मी त्या वादात पडत नाही. गावोगाव एकाच संताच्या पादुका असतात आणि लोक दोन्हीकडे डोकं टेकतात, तसंच हे आहे असं मला वाटतं. फक्त एवढं खरं की हे अवशेष ज्याच्याकडे त्याच्याकडे मान, आर्चबिशप, राजाचा मुकुट, हे गणित तेव्हा होतं आणि राजांनी ते पुरेपूर वापरलं.

आपल्याकडे महाराष्ट्रात मध्ययुगात असे कोणी रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी मारले गेलेले) झालेत का? पोर्तुगीज यायच्या आधी? – एक वाचक, वसई

झालेत, आणि तुमच्या अगदी शेजारी. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा दुभाषा बंधू दिमित्री. चीनकडे निघाले होते, होडी ठाण्याला लागली. त्यांच्याबरोबर आलेला डॉमिनिकन पंथाचा साधू जॉर्डन तेव्हा पुढे गुजरातच्या वाटेवर होता म्हणून वाचला, बातमी ऐकून मागे आला आणि त्यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं. सोपारा म्हणजे तुमचं नालासोपारा हो! पुढे १३२९ मध्ये पोपनं याच जॉर्डनला केरळात कोल्लमचा बिशप नेमलं. थॉमसला १८९४ मध्ये धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. यावर एक अख्खं सदर होईल, ते मी करणार आहे, तोवर एवढंच.

मी प्रशियन लोकांच्या बाजूनं विचारते. त्यांचा मुलूख, त्यांचं देवराईचं जंगल, आणि न बोलावता आलेला परका माणूस त्यांचे देव खोटे म्हणतोय. त्यांनी हाकलून दिलं यात त्यांचं काय चुकलं? – एक वाचक, गडचिरोली

गडचिरोलीहून हा प्रश्न आलाय याचं मला विशेष वाटलं. देवराई म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नकोच.

हकीकत अशी. ते तिघं किनाऱ्याला उतरले तेव्हा बरोबर शिपाई नव्हते. तीस शिपाई दिले होते ते व्होयत्येखनं परत पाठवले. पहिल्यांदा हाकलायला आले तेव्हा तो स्तोत्रं वाचत बसला होता, एकानं पाठीत वल्ह्याचा तडाखा दिला आणि पुस्तक हातातनं उडून गेलं. मग ते एका बाजाराच्या गावी गेले, तिथं लोक जमले आणि सांगितलं की तुम्ही निघा इथून, नाही तर जीव जाईल. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या जमिनीला पीक येणार नाही, झाडाला फळ धरणार नाही, जनावरं विणार नाहीत, असं ते म्हणाल्याचं क्वेरफुर्टच्या ब्रुनोनं लिहिलंय. हा ब्रुनो पण मिशनरी बिशप, थोड्याच वर्षांनी, १००९ मध्ये, तो पण त्याच भागात मारला गेला. शत्रूचं म्हणणं त्यानं गाळलं नाही हे मला फार मोलाचं वाटतं. कारण ते म्हणणं शेतकऱ्याचं आहे. वर्षाचं पीक गेलं तर मुलं मरतात, देव कोपला तर पीक जातं, हा त्यांचा साधा हिशेब.

तिघं परत निघाले होते. पहाटे रानात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, केली, खाल्लं, आणि दमून झोपले. तिथंच गाठलं. पहिला भाला मारला तो सिक्को नावाच्या पुजाऱ्यानं, आणि या सिक्कोच्या भावाला आधी पोलिश लोकांनी मारलेलं होतं. म्हणजे सिक्कोला समोर बिशप दिसलाच नाही, त्याला बोलेस्लावचा माणूस दिसला. आणि खरं बोलायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं, होडी बोलेस्लावची, शिपाई त्याचे, आणि किनाऱ्याकडचा मुलूख आपल्याकडे यावा ही इच्छा पण त्याची.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, प्रशियन लोकांची भीती खरी होती. पुढे तेराव्या शतकात ट्युटॉनिक सरदार, म्हणजे जर्मन धर्मयोद्धे, क्रूस आणि तलवार दोन्ही घेऊन आले, त्यांनी तो मुलूख जिंकला, आणि आज प्रशियन भाषा बोलणारं त्या जुन्या लोकांतलं कोणी उरलं नाही, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती भाषा संपली. हे लिहिताना मला वाईट वाटतं आणि चर्चला मानणारी म्हणून जास्तच वाटतं.

पण व्होयत्येखला मी त्या सरदारांच्या रांगेत बसवणार नाही. त्यानं शिपाई परत पाठवले, हा माझ्यासाठी निर्णायक मुद्दा आहे. त्याला माहीत होतं की शिपायांशिवाय काय होऊ शकतं, आणि शिपायांसकट काय होतं तेही माहीत होतं, स्वतःच्या घरात चार भाऊ शिपायांनीच कापले होते. तो बोलायला गेला. बोलणं चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, त्यांची भाषा नीट न येता केलं असेल, हे मी मान्य करते. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा, पुढच्या अंकात छापू.

आम्ही एप्रिलमध्ये पोलंडला चाललोय, मुलगा पोझ्नानला आहे. हे दरवाजे बघता येतात का आणि सण कधी असतो? – एक वाचक, डोंबिवली

नक्की जा. ग्न्येझ्नो पोझ्नानपासून जेमतेम ५० किलोमीटर, ट्रेननं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. सण २३ एप्रिलचा, त्याच्या आसपासच्या रविवारी मोठी मिरवणूक निघते, अवशेष खांद्यावरून नेतात, गर्दीची तयारी ठेवा. १९९७ मध्ये त्याच्या मृत्यूला हजार वर्षं झाली तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल आले होते आणि सोबत सात देशांचे राष्ट्राध्यक्ष. पोप स्वतः पोलिश, १९७९ च्या त्यांच्या पहिल्या दौऱ्यात पण ग्न्येझ्नोला आले होते.

दरवाजे कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या प्रवेशाशी आहेत, साधारण सव्वातीन मीटर उंच, ११७० च्या आसपासचे. बघायची पद्धत आधी समजून घ्या, नाहीतर गोष्ट उलटी लागते. डाव्या फळीवर अगदी खालून सुरुवात करायची, तिथं आई बाळंतीण आहे आणि बाळाला न्हाऊ घालतायत. तसं वर वर जायचं, मग उजव्या फळीवर वरून खाली उतरायचं, होडीतून प्रशियाला पोचतात तिथपासून ते पुरण्यापर्यंत. उजवीकडे एक चित्र आहे ज्यात धड पडलंय, डोकं खांबावर आहे आणि एक गरुड राखण करतोय, मुलं असतील बरोबर तर ती तिथंच थबकतात. कडेला सगळीकडे वेलबुट्टी आणि त्यात लपलेली जनावरं, त्याला वेगळा अर्धा तास ठेवा.

आणि गुलामांचं चित्र डाव्या फळीवर वरून दुसरं आहे. राजा बसलेला, बिशप त्याच्यापुढे बोलतोय, आणि ती विकायला आणलेली माणसं. उंचावर असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी चेहरे नीट दिसत नाहीत, मला मान मागे टाकून दुखेपर्यंत बघावं लागलं. लहान दुर्बीण घरात असेल तर बॅगेत टाका.